निळा भाग कापू नका : भिंतीवरच्या नकाशाची छपाई आणि फ्रेम

पाचपैकी साडेतीन. पहिल्या खेपेला मनातल्या मनात दोनच दिले होते, दुसऱ्या खेपेनंतर दीड वाढवले. दुकानाचं नाव लिहीत नाही. चूक त्यांनी कबूल केली, निस्तरली, आणि लालबागच्या त्या गल्लीत फ्रेमवाले एकाला लागून एक आहेत, उगाच बिल भलत्याच्या नावावर फाटायचं.

आधी काम काय होतं ते. आमची थोरली दोन वर्षांपासून कॅलिफोर्नियात सलिनासला असते. सॅलडची पानं धुऊन पिशव्यांत भरणाऱ्या कारखान्यात जंतू तपासायचं काम करते. आता वरळी कोळीवाड्यात ‘पोर अमेरिकेला असते’ एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेत कुठे, समुद्र किती लांब, मासळी कुठली गावते, सगळं विचारतात. मोबाइलवर दाखवायला गेलो की माझी मोठी बहीण चष्मा कपाळावर चढवते आणि म्हणते, “मला यात मुंगी दिसते.” म्हणून ठरवलं, भिंतीवर लावायचाच. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याचे नकाशे कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. लेकीने ते तुकडे जोडले, त्यात समुद्राच्या तळाची खोली दाखवणारे नकाशे मिसळले आणि एक मोठी फाइल पाठवली. सलिनास जिच्यात येतं ती मॉन्टेरे काउंटी, चार फूट रुंद, तीन फूट उंच.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. जमीन साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपली शहर-उपनगरं धरून अख्खी मुंबई चौदा वेळा त्यात बसेल. आणि माणसं किती, तर २०२० च्या जनगणनेत ४,३९,०३५. आपल्याकडे एखाददुसऱ्या वॉर्डात निघतील.

फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. मॅट कागदावर छपाई ८५० रुपये, फ्रेम २,६००, काचेऐवजी ॲक्रिलिक हवं तर वरचे वेगळे. दर वाजवी वाटला. पाच दिवस सांगितले आणि पाचव्या दिवशी खरंच तयार होतं, याचे गुण आधीच देऊन टाकतो.

काउंटरवर वरचा कागद काढला आणि मला काही सुचेना. नकाशा चौकोनी. तीन बाय तीन.

कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा मोठ्या खुशीत होता. “काका, तीन बाय तीनची फ्रेम तयार पडली होती, तुमचे सहाशे वाचवले. डावीकडे नुसतं निळंच होतं, ते एक फूट उडवलं. त्यात ती खुणांची चौकट होती, ती सरकवून आत घेतली, इथे, या मोकळ्या जागेत.”

ती मोकळी जागा म्हणजे मॉन्टेरेचा उपसागर.

मी काही लगेच बोललो नाही. माझा बाप तांडेल होता. दोरीला शिसं बांधून पाणी मोजायचा, वावेत. दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव, सहा फूट. लहानपणी त्याच्याबरोबर गेलो की मला वाटायचं, पाणी इथून तिथून सारखंच. तो म्हणायचा, वरून सारखं दिसतं. नंतर मी बँकेत लागलो, फोर्टात पस्तीस वर्षं व्हाउचर तपासली, पण वावेचा हिशेब काही डोक्यातून गेला नाही.

त्या पोराला मी बोट ठेवून दाखवलं. उपसागराची जी कमान आहे तिच्या बरोबर मध्यावर मॉस लँडिंग नावाचं लहानसं बंदर आहे. त्या बंदराच्या तोंडापासूनच पाण्याखाली दरी सुरू होते. तिचे कडे काही ठिकाणी दीड किलोमीटरहून खोल आहेत, अमेरिकेतल्याच ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीच्या तोडीचे. पुढे पुढे ती ३,६०० मीटरपर्यंत उतरते. वावेत सांगायचं तर जवळजवळ दोन हजार. आपल्याकडे मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, आणि तिथेही पाणी पंचाहत्तर मीटरच्या आसपास, चाळीस-एक्केचाळीस वाव. म्हणजे आपला समुद्र अंगणासारखा आणि त्यांचा दारातच विहिरीसारखा. आणि बरोबर त्या विहिरीवर या महाराजांनी खुणांची चौकट झाकण ठेवल्यासारखी ठेवली होती. ‘महामार्ग, रेल्वे, जंगल’ असं छानपैकी लिहून.

पोरगा म्हणाला, “पण काका, पाण्याखालचं बघणार कोण?”

मग मला राहवेना. अरे, वसंतापासून उन्हाळाभर तिथे वायव्येचा वारा किनाऱ्याला धरून वाहतो. वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंडगार पाणी वर येतं, खताने भरलेलं. त्यावर मासळी पोसते. त्या थंड पाण्यावरून आलेली हवा म्हणजे धुकं. सलिनासचं खोरं उपसागराकडे तोंड उघडून बसलंय, धुकं थेट आत शिरतं. म्हणून जुलैतसुद्धा तिथे लेट्यूसची पानं कोवळी राहतात, स्ट्रॉबेरी होते, किनाऱ्याजवळच्या कॅस्ट्रोव्हिलला आर्टिचोक होतात. आर्टिचोक म्हणजे काटेरी कमळकळीसारखी भाजी, लेकीने फोटो पाठवला तेव्हा आमच्या घरात ती कशी चिरायची यावर अर्धा तास चर्चा झाली. या खोऱ्याला अमेरिकेचं सॅलडचं भांडं म्हणतात. तू जो एक फूट उडवलास ना, त्यावर माझ्या पोरीचा पगार चालतो.

पोरगा हसला. मालक हसले नाहीत. ते आतून उठून आले, नकाशाकडे बघितलं, आणि म्हणाले, “परत काढून देतो. छपाईचे पैसे नको.” फ्रेमचे सहाशे मात्र वाढले, कारण आता चार बाय तीनची पट्टी नव्याने कापायची. तेही रास्तच.

हे मालक गिरणगावातलेच. वडील साचेखात्यात होते, ब्याऐंशीच्या संपानंतर घरी बसले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तिकडे मासेमारी चालते का अजून. चालते, पण जी मोठी होती ती गेली. मॉन्टेरे गावात विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तारली डब्यात भरायचे कारखाने एका रांगेत उभे होते. सिसिलीहून आलेले दर्यावर्दी लाम्पारा जाळी घेऊन रात्री निघायचे. तारली आली की कारखान्यांचे भोंगे वाजायचे आणि बाया डोंगरउतारावरून कामाला धावायच्या. वारेमाप उपसा झाला, त्यात समुद्राचं तापमानही फिरलं, आणि चाळिशीच्या दशकाच्या शेवटी तारली गायब. एकेक कारखाना बंद पडत गेला. शेवटचा, हॉव्हडनचा, १९७३ मध्ये. त्याच जागेवर १९८४ मध्ये मोठं मत्स्यालय उघडलं. रस्त्याचं जुनं नाव ओशन व्ह्यू अव्हेन्यू. त्या रस्त्यावर लिहिलेली एक कादंबरी गाजली होती, म्हणून १९५८ मध्ये रस्त्यालाच कादंबरीचं नाव दिलं, कॅनरी रो. आता तिथे पर्यटक आइस्क्रीम खात फिरतात.

मालक म्हणाले, “म्हणजे आपलं लोअर परळच.” आणि लगेच पुढे, “कामगारांना घरं दिली का?” गिरणगावातला माणूस हाच प्रश्न विचारणार. मी मान हलवली आणि चहा संपवला.

दुसऱ्या खेपेचा नकाशा चार दिवसांनी मिळाला. आता मालाविषयी.

छपाई उत्तम. समुद्राच्या निळ्याच्या नऊ-दहा छटा वेगवेगळ्या ओळखू येतात, आणि दरीचा नागमोडी पट्टा सोफ्यावरून दिसतो. गावांची नावं मात्र हातभर जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाहीत. हा दोष छपाईचा नाही, फाइलचा. ॲक्रिलिक घेतलं ते बरं केलं, वजन कमी आणि आमच्या ओल्या भिंतीवर खिळ्याचा भरवसा नाही. पण ते ओरखडे फार लवकर धरतं, बायकोने पहिल्याच आठवड्यात कोरड्या फडक्याने पुसलं आणि नकाशातल्या कार्मेल गावाच्या डोक्यावर एक कायमचा ढग आला. पाठीला त्यांनी आपणहून हार्डबोर्डऐवजी पातळ प्लाय लावला, कडेने टेप मारली. वरळीची हवा खारी, पावसाळ्यात हार्डबोर्ड पापडासारखा फुगतो, हे त्यांना न सांगता कळलं याचा अर्धा गुण.

एक गोष्ट नकाशा खोटी सांगतो. सलिनास नदी जाड निळ्या रेघेने दाखवलीय, दक्षिणेकडून वायव्येकडे, जवळपास २८० किलोमीटर. लेकीने उन्हाळ्यात तिचा फोटो पाठवला तर सगळी वाळू. पाणी बरंचसं वाळूखालून वाहतं, म्हणून तिला उलटी नदी म्हणतात. माझ्या बहिणीने फोटो बघितला आणि नकाशा बघितला आणि म्हणाली, “पैसे परत माग.”

नदीला धरून रेल्वे आणि १०१ नंबरचा रस्ता जातो, त्याला मणी ओवल्यासारखी गावं आहेत. चुआलार, गॉन्झालेस, सोलेदाद, ग्रीनफिल्ड, किंग सिटी. नावं बहुतेक स्पॅनिश. सोलेदाद म्हणजे एकांत, १७९१ चं मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांचं ठाणं, आहे तिथे. लेक म्हणते, शेतांत काम करणारे जवळजवळ सगळे मेक्सिकोकडचे, आणि ग्रीनफिल्डमध्ये तर ओआहाका राज्यातून आलेले त्रिकी लोक इतके आहेत की त्यांच्याशी बोलायला स्पॅनिशही पुरत नाही, त्यांची भाषा निराळीच. हे ऐकून मला आमच्या बोटींवरचे खलाशी आठवले. त्यांच्याशीही हिंदी अर्धीच चालते.

चुआलारचा ठिपका मोहरीएवढा आहे. १७ सप्टेंबर १९६३ ला संध्याकाळी शेतातून मजूर घेऊन परतणारी गाडी तिथे रुळांवर आली आणि मालगाडीने तिला उडवलं. गाडी कसली, सपाट ट्रकवर छप्पर घालून आत लांब बाकं टाकलेली. बत्तीस माणसं गेली. हे ब्रासेरो, म्हणजे १९४२ पासून मेक्सिकोशी करार करून हंगामापुरते आणलेले मजूर. ती योजनाच पुढच्या वर्षी, १९६४ ला, बंद झाली. १९७० मध्ये याच खोऱ्यात लेट्यूसच्या मजुरांचा मोठा संप झाला आणि मजुरांचे पुढारी सेझार चावेझ यांना डिसेंबरात सलिनासच्या तुरुंगात टाकलं. लेक ज्या पिशव्या तपासते त्यांच्यामागे एवढं सगळं आहे, हे तिला कामाला लागल्यावर एका मुकादमाने सांगितलं.

नदीपलीकडे पश्चिमेला डोंगर, आणि डोंगर थेट समुद्रात. हा बिग सरचा भाग, नकाशावर नावं विरळ, घड्या मात्र भरपूर. तिथला किनाऱ्याचा रस्ता कैद्यांचे हातही लावून बांधला, १९३७ मध्ये खुला झाला. बिक्स्बीचा कमानी पूल त्याआधीच, १९३२ चा. रस्ता दर काही वर्षांनी समुद्रात जातो. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीकला डोंगरच खाली आला, पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत रस्ता बंद. आपला वरंधा घाट बरा म्हणायचा. तिथल्या किनाऱ्यावरच १९३८ मध्ये समुद्री ऊद मांजरांचा एक कळप दिसला. फरपायी मारून मारून ती कॅलिफोर्नियातून संपलीच असं सगळे धरून चालले होते.

इतिहासाचा भाग मी पाहुण्यांना थोडक्यात सांगतो, कारण तोवर त्यांचं लक्ष चहाकडे गेलेलं असतं. १६०२ मध्ये व्हिस्काइनो नावाचा स्पॅनिश कप्तान आला आणि मेक्सिकोच्या व्हाइसरॉयचं नाव उपसागराला देऊन गेला. १७७० मध्ये छावणी आणि मिशन. १८१८ मध्ये बुशार नावाच्या कप्तानाने हल्ला केला आणि थोडे दिवस चक्क अर्जेंटिनाचं निशाण फडकलं. १८४६ च्या जुलैत अमेरिकेच्या आरमाराने कस्टम हाउसवर आपला झेंडा लावला, १८४९ मध्ये त्याच गावात कॅलिफोर्नियाची घटना लिहिली. आणि गंमत बघा, काउंटी झाली फेब्रुवारी १८५० मध्ये, राज्याला मान्यता सप्टेंबरात. जिल्हा आधी, राज्य मागाहून. पुढे १८७४ मध्ये सान बेनितो फुटून वेगळी झाली, जसा आपल्याकडे ठाण्यातून पालघर.

पण व्हिस्काइनोच्या आधी तिथे माणसं होतीच. रमसेन, एसेलेन, सलिनन. मिशनांत नेली, रोगराईने मारली, जमिनी गेल्या. एसेलेन लोकांना २०२० मध्ये लिटल सर नदीकाठची १,१९९ एकर जमीन परत मिळाली, अडीचशे वर्षांनी. कोळीवाड्यांच्या हद्दी आखायच्या म्हणून आमच्याकडे इतक्या बैठका झाल्या आहेत की हा आकडा मी कमिटीतल्या प्रत्येकाला सांगितलाय. एकराचा आकडा ऐकून ते गप्प होतात.

आता ज्यासाठी हा नकाशा मला खरा आवडतो ते. मॉन्टेरे आणि पॅसिफिक ग्रोव्ह यांच्यामध्ये खडकांचं एक टोक आहे, पॉइंट अलोनेस. १८५० च्या दशकात तिथे चिनी कोळ्यांनी गाव वसवलं. बायकापोरांसकट, खडकांवर खांब रोवून घरं. दिवसा इतर लोक मासेमारी करू देईनात, म्हणून हे रात्री माकुल धरायला जायचे. होडीच्या टोकाला जाळ पेटवायचा, उजेडाला माकुल वर येतं, मग जाळं. पकडलेली माकुलं रानात पसरून सुकवायची आणि चीनला धाडायची. हे मी घरी सांगितलं तर आमचा भाचा म्हणाला, “मामा, म्हणजे एलईडी.” आपल्याकडे एलईडी दिवे लावून मासे धरायला २०१७ पासून बंदी आहे आणि रात्री कोण लावतं हे सगळ्यांना माहीत आहे, तो विषय इथे नको.

तर माकुलांचा वास. शेजारी पॅसिफिक ग्रोव्ह, मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळींचं शांत, नीटनेटकं गाव. तक्रारी सुरू. जमीन रेल्वेवाल्यांच्या कंपनीची, तिला ती मोकळी हवी होती. १६ मे १९०६ ला गावाला आग लागली आणि बहुतेक सगळं जळालं. लोक बघायला जमले, काहींनी जळत्या घरांतून सामान लुटलं. पुन्हा तिथे गाव बसू दिलं नाही. आज त्या टोकावर स्टॅनफर्डचं समुद्रशास्त्राचं केंद्र आहे.

आमच्या वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या दांड्यांवर, बोंबील चढले की समोरच्या टॉवरमधून सोसायटीचं पत्र येतं. गेल्या वर्षी आलेल्या पत्रात ‘दुर्गंधीयुक्त खाद्यपदार्थ’ असा शब्द होता, टाइप केलेला. कोस्टल रोडच्या पुलाच्या वेळीही आमच्या बोटी जायच्या वाटेवर खांब येणार होते. भांडून भांडून दोन खांबांतलं अंतर साठ मीटरवरून एकशेवीस करून घेतलं. कारण काय, तर कुणाच्या तरी ड्रॉइंगवर तिथे नुसतं निळं होतं.

म्हणून दुसऱ्या खेपेच्या वेळी मी पोराच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. म्हटलं, इथे एक लाल ठिपका दे आणि लिही, पॉइंट अलोनेस. त्याने नकाशा मोठा केला. खडक दिसायला लागले.

“काका, फाइलमध्ये इथे गाव नाहीये.”

“म्हणूनच सांगतोय.”

त्याने ठिपका दिला. जरा मोठा झाला, मी लहान करायला लावला. मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, विचारलं, “साल पण टाकू?” टाक म्हटलं. आता तिथे बारीक अक्षरांत १९०६ आहे. या ठिपक्याचे पन्नास रुपये जादा लावले, पावतीत धरले नाहीत.

जाणार असाल तर दोन गोष्टी. दुपारी दीड ते तीन शटर अर्धं असतं, वाकून हाक मारली तर उघडतात. आणि फाइल देताना माप कागदावर लिहून सही घ्या, चारही कडांचं. समुद्राची बाजू मुद्दाम दाखवा.